आपोआप चालणारं काम बंद पडलं, हे कळणार कसं? (फाइल ट्रान्सफर आणि अलर्ट)



आजचा विषय थोडा तांत्रिक वाटेल, पण घाबरू नका. यातला अर्धा विषय आपल्याला रोज हजेरी घेता घेता येऊन गेलेला आहे.

शाळेच्या संगणकावरच्या फाइल्स रोज रात्री ठरलेल्या वेळी आपोआप दुसऱ्या जागी जातात, अशी सोय आता बऱ्याच शाळांनी केली आहे. कुणी गूगल ड्राइव्हवर पाठवतं, कुणी बाहेरच्या हार्डडिस्कवर, कुणी दुसऱ्या संगणकावर. एखादा तंत्रस्नेही शिक्षक हे एकदा लावून देतो आणि मग सगळे निर्धास्त. प्रश्न यापुढे सुरू होतो. ही सोय एखाद्या रात्री बंद पडली, तर तुम्हाला कोण सांगणार?

पहिल्यांदा, या फाइल्समध्ये असतं काय ते आठवून बघा. निकालपत्रकं, पोषण आहाराच्या नोंदी, शिष्यवृत्तीचे कागद, मुलांचे आधार तपशील. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जनरल रजिस्टरची स्कॅन केलेली पानं. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम राज्यभर निघालं, तेव्हा महसुली कागदांबरोबर शाळांची जुनी रजिस्टरंही कपाटातून बाहेर आली. आजोबांच्या प्रवेशाच्या नोंदीवर नातवाची जात पडताळणी अडते किंवा सुटते, हे आपल्या खानदेशात कुणाला वेगळं सांगायला नको. शिरपूर, साक्री, चोपडा, यावल या पट्ट्यातल्या आदिवासी मुलांच्या पालकांना तर ते चांगलंच ठाऊक आहे. पान वाळवीनं खाल्लं आणि स्कॅनही गेलं, तर त्या मुलाला आपण काय उत्तर देणार? म्हणून हा विषय फक्त संगणकवाल्यांचा नाही असं मला वाटतं.

आता हजेरीकडे या. गैरहजर मुलगा वर्गात उभा राहून "सर, मी आज आलो नाही" असं कधी सांगतो का? नाही. तरी आपल्याला तो आला नाही हे कळतं. कारण आपल्याकडे नावांची यादी असते, हजेरीची वेळ ठरलेली असते, आणि नाव पुकारणारा माणूस मुलापेक्षा वेगळा असतो. या तिन्हीतलं एक काढून टाका. यादी नसेल तर कोण कमी आहे ते समजत नाही. वेळ ठरलेली नसेल तर "येईल अजून" म्हणत दिवस जातो. आणि मुलांनीच आपली आपली हजेरी लावायची असेल, तर गैरहजर मुलाची नोंद करणार कोण?

आपोआप चालणाऱ्या कामांवर नजर ठेवणारी जी सॉफ्टवेअरं असतात, त्यांचं डोकं याच पद्धतीनं चालतं. इंग्रजीत त्याला 'मॉनिटरिंग' म्हणतात. वर्गाचा मॉनिटर तो हाच, असं मुलांना सांगितलं तरी चालेल.

बहुतेक लोक अलर्ट लावतात तो असा: "काम करताना चूक झाली, तर मला मेल पाठव." ऐकायला बरोबर वाटतं. पण चूक झाली हे कळवायला ते काम निदान सुरू तरी झालेलं पाहिजे ना? रात्री दोन वाजता लाइट नव्हती, संगणक बंद होता, तर काम सुरूच झालं नाही. चूक झाली नाही, मेल आला नाही, आणि सकाळी आपण म्हणतो सगळं ठीक आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, रात्री-बेरात्री वीज जाते, त्यात शाळेचा इन्व्हर्टर किती वेळ टिकतो हे तुम्हाला माहीतच आहे.

काम न होण्याचे प्रकार वेगवेगळे आहेत. सुरूच न होणं हा एक झाला. सुरू होऊन चुकीवर थांबणं हा दुसरा: पासवर्ड बदलला, ड्राइव्हची जागा भरली, इंटरनेट मध्येच तुटलं. तिसरा जास्त फसवा आहे. काम सुरू होतं आणि मध्येच लटकतं, ना धड संपत ना चूक दाखवत. विंडोजमध्ये फाइल्स कॉपी करायला 'रोबोकॉपी' नावाची चांगली आज्ञा आहे. पण एखादी फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमनं अडवून धरली असेल, तर ती मूळ सेटिंगप्रमाणे दर ३० सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करत राहते, आणि असे प्रयत्न किती? १० लाख! गुणाकार पाचवीच्या मुलांना करायला द्या. ३ कोटी सेकंद, म्हणजे साधारण ३४७ दिवस. एका फाइलसाठी जवळजवळ वर्षभर संगणक इमानदारीनं दार वाजवत बसेल आणि तुम्हाला एक शब्द सांगणार नाही. (उपाय सोपा आहे, प्रयत्नांची संख्या दोन-तीनवर आणायची.)

चौथा प्रकार सगळ्यात वाईट. काम पूर्ण होतं, "यशस्वी" असं लिहूनही येतं, पण गेलेली फाइल रिकामी असते. किंवा मूळ फोल्डरच कुणीतरी चुकून रिकामं केलेलं असतं, आणि हुबेहूब नक्कल ठेवणारी आज्ञा तिकडची प्रतही तितक्याच हुबेहूब रिकामी करून टाकते. संगणकाच्या दृष्टीनं यात चूक काहीच नाही.

आपण निकालपत्रकात 'गैरहजर' आणि 'शून्य गुण' वेगळे लिहितो. का लिहितो? कारण शून्य हे एक मोजमाप आहे, गैरहजर म्हणजे मोजमापच झालेलं नाही. हा फरक आपल्या जळगाव जिल्ह्यात चक्क पैशांशी जोडलेला आहे. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर भागातला केळी उत्पादक हवामान आधारित फळपीक विमा काढतो. त्यात कमी-जास्त तापमानाचं नुकसान बघायला कुणी बागेत येऊन घड मोजत नाही. ठरलेल्या काळात सलग ठरावीक दिवस तापमान अमुक अंशाच्या खाली गेलं किंवा वर गेलं, तर भरपाई, असा हिशोब असतो. ते तापमान कुठून येतं? महसूल मंडळात बसवलेल्या स्वयंचलित हवामान केंद्रातून. 'महावेध' प्रकल्पातली ही केंद्रं २०१७ पासून राज्यात उभी राहिली आणि त्यांच्याकडून दर दहा मिनिटांनी आकडे आपोआप पुढे जातात. म्हणजे दिवसाला १४४ वेळा. आता समजा थंडीच्या लाटेत एखाद्या केंद्राचे आकडे पहाटे तीन ते सहा आलेच नाहीत. नेमकं तेव्हाच तापमान सगळ्यात खाली असतं! त्या रिकाम्या जागेत काय भरायचं? आदल्या दिवसाचा आकडा? शेजारच्या मंडळाचा? पावसाचा आकडा न आल्यावर कुणी ० मिलिमीटर भरलं, तर कागदावर पाऊस पडलाच नाही असं होऊन बसतं. म्हणून आकडा आला नाही ही गोष्ट त्याच तासाला कळणं महत्त्वाचं. महिन्यानं कळून उपयोग नाही, ती पहाट परत मोजता येत नाही.

तापीचंही तसंच. नदीवर केंद्रीय जल आयोगाची पातळी मोजायची ठिकाणं आहेत, सावखेडा, गिधाडे, सारंगखेडा अशी. पावसाळ्यात इथली पातळी खाली उकाई धरणाला आणि सुरतेला उपयोगी पडते. ऑगस्ट २००६ मध्ये सुरत शहर पुराखाली गेलं होतं, तुमच्यातल्या काहींचे नातेवाईक तेव्हा तिथं कामाला असतील. अशा वेळी वरच्या ठिकाणाहून आकडा आला नाही, तर खाली बसलेल्यानं "पाणी वाढलेलं नसेल" असं धरून चालेल का? उलट विचारावं लागेल, की तिथलं यंत्रच पाण्यात गेलं नाही ना?

जगातलं एक उदाहरण सांगतो, हे संगणक क्षेत्रात फार प्रसिद्ध आहे. 'गिटलॅब' नावाची एक कंपनी आहे, जगभरातले प्रोग्रॅमर आपलं काम तिथं साठवतात. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांच्या एका अभियंत्यानं दुरुस्ती करताना चुकून दुसऱ्याच सर्व्हरवरचा डेटाबेस पुसायची आज्ञा दिली. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. चूक माणसाकडून होते, ते सोडून द्या. खरी गोष्ट पुढे आहे. बॅकअप शोधायला गेले तर ठरलेल्या जागी बॅकअपच नाही! रोजचं बॅकअपचं काम डेटाबेसच्या जुन्या आवृत्तीचं साधन वापरत होतं आणि डेटाबेस नव्या आवृत्तीचा होता, त्यामुळे ते दर वेळी चूक दाखवून थांबत होतं. मग चूक झाल्याचा मेल का आला नाही? मेल पाठवले जात होते. पण त्या मेलवर खरेपणाची जी तांत्रिक सही लागते ती नव्हती, म्हणून समोरचा मेल सर्व्हर ते नाकारत होता. थोडक्यात, काम बंद, अलर्ट चालू, आणि अलर्टची वाट बंद.

ते वाचले ते नशिबानं. त्याच अभियंत्यानं चाचणीच्या कामासाठी सुमारे सहा तास आधी हातानं एक प्रत काढून ठेवली होती. ती वापरून दुसऱ्या दिवशी सेवा परत सुरू झाली, पण मधल्या सहा तासांचं गेलं ते गेलंच. कंपनीच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ५,००० प्रकल्प, ५,००० प्रतिक्रिया आणि ७०० नवी खाती यांना फटका बसला. त्यांनी हे काही लपवलं नाही. दुरुस्ती चालू असताना ती यूट्यूबवर थेट दाखवली, आणि नंतर काय काय चुकलं त्याचा सविस्तर अहवाल सगळ्यांसाठी खुला केला. आपल्याकडे चौकशी अहवाल कपाटात जातात, त्या मानानं हे मला फार आवडलं.

तर आता आपण आपल्या शाळेत काय करायचं?

अलर्टची दिशा उलटी करायची. "चूक झाली तर सांग" याऐवजी "काम नीट झालं तर सांग, आणि ठरलेल्या वेळेत तुझं सांगणं आलं नाही, तर मी ओरडेन." ओरडणारा शाळेच्या संगणकाच्या बाहेरचा हवा, नाहीतर लाइट गेली की दोघंही एकदमच झोपतात. यासाठी इंटरनेटवर 'हेल्थचेक्स'सारख्या सेवा आहेत, छोट्या वापरासाठी फुकट चालतात. मोठ्या कार्यालयांत 'झॅबिक्स', 'नॅगिओस' असतात, त्यांतही "इतका वेळ काहीच आलं नाही" ही अट लावता येते. 'अपटाइम कुमा' स्वतःच्या संगणकावर बसवता येतं, पण मग तो संगणक शाळेत नको, दुसरीकडे हवा. शाळेसाठी मी पहिला पर्याय सुचवीन.

तिथं खातं उघडलं की एका कामाची नोंद करायची, तुम्हाला एक वेब पत्ता मिळतो. तो पत्ता म्हणजे हजेरीचं नाव. रात्रीचं काम संपलं की संगणकानं तो पत्ता एकदा उघडायचा, म्हणजे "हजर!" म्हटल्यासारखं झालं. विंडोज १० आणि पुढच्या संगणकांत यासाठी 'कर्ल' ही आज्ञा आधीच असते. मग दोन आकडे भरायचे. पहिला, किती वेळानं हजेरी अपेक्षित आहे: रोजचं काम असेल तर १ दिवस. दुसरा, उशीर किती चालवून घ्यायचा. इथं लोक घाई करतात आणि दहा मिनिटं टाकतात. निकालाच्या दिवसांत फाइल्स जास्त, गावातलं नेट हळू, काम वीस मिनिटांऐवजी दीड तास चालतं, आणि पहाटे फोन वाजतो. आठवडाभर काम किती वेळ घेतं ते बघा, सगळ्यात जास्त लागलेल्या वेळेच्या दुप्पट सवलत द्या. शाळेच्या फाइल्ससाठी सकाळी सात वाजता कळलं तरी पुष्कळ झालं. पुराच्या पातळीसाठी तेवढं चालणार नाही, हे उघड आहे.

"हजर" कधी म्हणायचं, हे मात्र विचारपूर्वक ठरवा. आज्ञा संपली म्हणजे काम झालं, असं नाही. संगणकात प्रत्येक आज्ञा संपताना एक क्रमांक ठेवून जाते, साधारणपणे ० म्हणजे ठीक आणि बाकी काहीही म्हणजे चूक. रोबोकॉपी इथं वेगळी वागते! तिचा १ म्हणजे "फाइल्स कॉपी झाल्या", म्हणजे यशच. ० म्हणजे नवीन काहीच नव्हतं. ८ किंवा त्यापुढचा क्रमांक आला तर काही फाइल्स राहिल्या. हे माहीत नसलं तर प्रत्येक यशस्वी रात्री चुकीचा अलर्ट येतो, आणि चौथ्या दिवशी माणूस अलर्टच बंद करून टाकतो.

त्यापुढे पाठवलेल्या ठिकाणी जाऊन मोजायचं. इकडे नाही, तिकडे. पोषण आहाराचा तांदूळ निघाला याची पावती आणि शाळेत पोचलेला तांदूळ, यांत आपण फरक करतो की नाही? तसंच. पोचलेल्या फोल्डरमध्ये फाइल्स किती, सगळ्यात नवी फाइल कोणत्या तारखेची, एकूण आकार कालच्यापेक्षा एकदम घटला तर नाही. जनरल रजिस्टरची १,२०० पानं काल होती आणि आज ४० दिसतात, तर क्रमांक काहीही येवो, "हजर" म्हणायचं नाही. मोठी फाइल जात असताना तिला तात्पुरतं नाव द्यावं आणि पूर्ण पोचल्यावरच खरं नाव द्यावं, म्हणजे अर्धवट फाइल पूर्ण समजून कुणी उघडत नाही.

विंडोजच्या 'टास्क शेड्यूलर'मध्ये काम लावलं असेल, तर तीन खुणा तपासा. लॅपटॉप चार्जिंगला असेल तरच काम सुरू करायचं, अशी अट मुळातच टिक केलेली असते. लाइट गेलेल्या रात्री हीच अट काम अडवते. वेळ चुकली तर नंतर शक्य तितक्या लवकर काम चालवावं, ही खूण मात्र आपणहून करावी लागते. आणि काम जास्तीत जास्त किती वेळ चालू द्यायचं, तिथं तीन दिवस लिहिलेलं असतं, ते दोन-तीन तासांवर आणा.

गूगल शीटवर काम करणारे शिक्षक 'अॅप्स स्क्रिप्ट'चे ट्रिगर लावतात. त्यात चूक झाली तर मेल कधी पाठवायचा हे निवडता येतं, मूळ सेटिंग दिवसातून एकदाचं असतं, ते 'ताबडतोब' करून घ्या. पण तोही फक्त चूक झाल्यावरच मेल पाठवतो. ट्रिगरच कुणी काढून टाकला तर तो गप्प. म्हणून तिथंही शेवटच्या ओळीत बाहेरचा तो "हजर" पत्ता जोडून ठेवावा.

अलर्ट कुणाला जावा, हा प्रश्न तांत्रिक नाही, पण माझ्या मते सगळ्यात जास्त गाडी इथंच अडते. ज्या सरांनी हे लावलं त्यांची बदली होते. ते साक्रीहून शिंदखेड्याला जातात, अलर्ट त्यांच्याच मेलवर जात राहतात, आणि ते नव्या शाळेच्या कामात. नव्या शिक्षकांना असं काही आहे हेच माहीत नसतं. म्हणून अलर्ट शाळेच्या मेलवर जावा, मुख्याध्यापकांच्या फोनवर टेलिग्रामनं जावा, आणि बदलीच्या वेळी कपाटाच्या किल्ल्यांबरोबर ही माहितीही चार्ज लिस्टमध्ये लिहून द्यावी. व्यक्तीचा खासगी मेल एकटा नको. आणि वीस जणांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मुळीच नको. तिथं सुप्रभातच्या फुलांमध्ये अलर्ट हरवतो, आणि प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं बघितलं असेल.

अलर्टचा मजकूरही नीट लिहा. "एरर ५" असं आलं तर मुख्याध्यापक बाई काय करणार? असं लिहा: "जनरल रजिस्टरची प्रत काल रात्री ड्राइव्हवर पोचली नाही. शेवटची चांगली प्रत सोमवारची आहे. आधी कार्यालयातला संगणक सुरू आहे का आणि नेट आहे का ते पाहा. दोन्ही असेल तर संगणक शिक्षकांना सांगा." यात काय झालं, कधीपासून, आणि पहिलं पाऊल कोणतं, हे तिन्ही आलं.

सगळं लावून झालं की ते मुद्दाम बिघडवून बघा. रात्री संगणक बंद ठेवा. सकाळी अलर्ट आला तर ठीक, नाही आला तर गिटलॅबसारखी वाट कुठंतरी बंद आहे. मेलच्या स्पॅममध्येही डोकवा. ही चाचणी सत्रातून एकदा करावी, आणि त्याच दिवशी तिकडच्या प्रतीतून एखादं पान उघडून वाचता येतंय का तेही बघावं.

आता वर्गात हे कसं शिकवायचं? चौथीपासून पुढे खेळ म्हणून घेता येतो. पाच बाकांना पाच गावांची नावं द्या, समजा भुसावळ, पाचोरा, अमळनेर, शिरपूर, दोंडाईचा. प्रत्येक बाकानं दर पाच मिनिटांनी एका चिठ्ठीवर आकडा लिहून मॉनिटरकडे पाठवायचा. मॉनिटरजवळ गावांची यादी आणि घड्याळ. एका बाकाला आधीच गुपचूप सांगून ठेवा की तिसऱ्या फेरीत चिठ्ठी पाठवू नका. मॉनिटरला ते कधी कळतं ते बघा. पहिल्यांदा यादी न देता खेळा, मग यादी देऊन. फरक मुलांनाच दिसतो. पुढच्या फेरीत एका बाकाला कोरी चिठ्ठी पाठवायला सांगा. चिठ्ठ्या पाच भरतात, मॉनिटर खूश होतो, आणि कोणीतरी ओरडतं "अरे, यात तर काहीच नाही!" त्यानंतर मॉनिटरलाच पाणी प्यायला पाठवा. मग मुलं विचारतात, मॉनिटर नाही हे कुणाला कळणार? त्यांनाच उत्तर शोधू द्या. बहुतेक जण सुचवतात की मॉनिटरनं सरांना दर थोड्या वेळानं हात दाखवावा.

सहावी-सातवीला विज्ञानाच्या तासाला बॅटरी आणि बल्ब घ्या. भुसावळची मुलं तर रेल्वे बघतच मोठी होतात. रुळांवर गाडी आहे की नाही हे ओळखायची 'ट्रॅक सर्किट' नावाची पद्धत अमेरिकेतल्या विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये पेटंट केली. आपण सहज विचार केला तर वाटेल, की गाडी आल्यावर करंट सुरू होत असेल. उलट आहे. रूळ मोकळा असतो तेव्हा त्यातून सतत थोडा करंट वाहत असतो. गाडी आली की तिच्या चाकांतून करंट परस्पर वळतो, पलीकडचा रिले सुटतो आणि सिग्नल लाल होतो. बॅटरी संपली, तार तुटली, तरी करंट थांबतो आणि सिग्नल लालच होतो. रूळ तुटला तरी बहुतेक वेळा तसंच. वर्गात दोन मंडलं जोडा: एकात धोका आला की बल्ब लागतो, दुसऱ्यात सगळं ठीक असेपर्यंत बल्ब लागलेला राहतो. मग दोन्हींच्या तारा हळूच काढा आणि मुलांना विचारा, यातलं कोणतं मंडल बिघडलं हे तुम्हाला लगेच कळलं?

पालकांसाठी एक काम आहे, आत्ताच फोन हातात घ्या. व्हॉट्सअॅपचा बॅकअप रात्री दोनच्या सुमाराला आपोआप जातो. अँड्रॉइड फोनवर तो आता गूगल खात्याच्या १५ जीबीत मोजला जातो, आणि त्याच १५ जीबीत तुमचे मेल आणि फोटोही असतात. जागा भरली की बॅकअप थांबतो. सूचना येते, पण ती लग्नपत्रिका आणि रिचार्जच्या जाहिरातींमध्ये आपण बोटानं बाजूला सारतो. सेटिंग्ज, मग चॅट्स, मग चॅट बॅकअप असं जा आणि शेवटच्या बॅकअपची तारीख वाचा. कालची असेल तर उत्तम. मागच्या आखाजीची असेल, तर बाळाचे पहिल्या पावलांचे व्हिडिओ आणि आजीचा आवाज फक्त त्या एका फोनमध्ये आहे, आणि तो फोन रोज मुलांच्या हातात खेळायला असतो.

शेवटी सुट्ट्यांचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेचा मेन स्विच बंद असतो, म्हणजे रोज सकाळी अलर्ट येणार. लोक तेव्हा अलर्ट बंद करतात आणि जूनमध्ये सुरू करायचं राहून जातं. त्याऐवजी सुट्टीच्या आधी एक पूर्ण प्रत हातानं काढा, ती हार्डडिस्क शाळेबाहेर सुरक्षित ठेवा, अलर्टला विराम द्या, आणि शाळा उघडायच्या दिवसाची आठवण दोन जणांच्या फोनच्या कॅलेंडरमध्ये घाला: "आज अलर्ट सुरू करणे." पुस्तकवाटप आणि प्रवेशोत्सवाच्या गडबडीत ते पहिल्या दिवशी जमणार नाही असं वाटत असेल, तर तारीख त्याच्या आदल्या दिवशीची टाका, तेव्हा वर्ग झाडायला आपण शाळेत असतोच.